हवा घेतंय

रात्री ताम्हिणीच्या अंगाने वळीव कोसळून गेला की मुळशीकडची सकाळ कटरच्या आवाजाने उजाडते. चेनसॉला इकडे कुणी चेनसॉ म्हणत नाही, कटरच. रस्त्यावर कुठे ना कुठे फांदी आडवी पडलेली असते.

गेल्या वर्षी अशाच एका सकाळी आमचा कटर झकास चालला होता. बोट सोडलं तरी रेस उतरत नव्हती, आवाज टणटणीत, अंगात आल्यासारखा. मी खूश. रेस जरा कमी व्हावी म्हणून कार्बोरेटरचा स्क्रू तेवढा पिळला. पंधरा मिनिटांत इंजिन गप्प झालं आणि दोरी दगडात रुतल्यासारखी जागची हलेना.

पौडच्या मिस्त्रींनी पहिलं विचारलं, "स्क्रूला हात कोणी लावला?" मी तेलाचा विषय काढला. लिटरला वीस मिली, मोजून घातलं होतं. ते काही बोलले नाहीत, प्लग काढून माझ्यासमोर धरला. पांढराफटक. "विटकरी पाहिजे. काळा-ओला असला तर जास्त पितंय. हे उपाशी मेलं." सायलेन्सर उतरवला तर आत पिस्टनवर उभे ओरखडे.

तोवर इंजिन निवलं होतं, दोरी थोडी सुटली. त्यांनी इंजिनची हवेची आणि धुराची अशी दोन्ही तोंडं रबर लावून आवळली, प्लगच्या भोकातून हातपंपाने बेताची हवा भरली आणि साबणाचं पाणी सोडलं. पंक्चरवाल्याकडे ट्यूबला येतात तसे बुडबुडे मॅग्नेटच्या चाकामागून आले. क्रँकशाफ्टचं सील गेलं होतं. अंगठीएवढं रबर.

कटरच्या टू-स्ट्रोक इंजिनाला स्वतःच्या तेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलबरोबर येईल तेवढंच तेल. सीलमधून चोरटी हवा शिरली की पेट्रोलचा वाटा घटतो, त्यासोबत तेलाचाही. मिश्रण पातळ झालं की इंजिन तापतं आणि उलट जोरात पळतं. मिनिटाला 12-13 हजार वेळा वर-खाली होणारा पिस्टन जवळजवळ कोरडा घासत राहतो. म्हणजे मला जी तब्येत वाटली, तो ताप होता. आणि स्क्रू पिळून मी उपाशी माणसाच्या ताटातली भाकरीच काढून घेतली होती. स्क्रू बाहेर असतो, हाताला लागतो, म्हणून पहिला संशय त्याच्यावर. सील दिसायला आधी चाक उतरवावं लागतं.

पिस्टन, ब्लॉक, दोन्ही सील बदलून मिस्त्रींनी मशीन चालू केलं, जमिनीवर ठेवलं आणि चेनकडे बोट दाखवलं. इंजिन पुटपुटत होतं, चेन जागच्या जागी. "हे असं आळशी चाललं पाहिजे," म्हणाले.

आज पहाटेही पाऊस झाला. आत्ता ओढ्यापलीकडून कुणाचा तरी कटर ऐकू येतोय. कापणं थांबलं तरी रेस उतरत नाहीये. चहा तसाच ठेवून मी चपला शोधतोय.