दोष कोणाचा, कर्तव्य कोणाचें?

ज्यानें अंगण घाण केलें त्यानेंच तें झाडावें, हा न्याय लहान मुलासही समजतो. आणि आपले पुष्कळसे नीतिविचार याच न्यायावर उभारलेले असतात. परंतु ज्या अंगणांत सारें जग राहतें, ज्यांत घाण करणाऱ्यांपैकीं कित्येकजण शंभर वर्षांपूर्वींच मरून गेले, आणि ज्याची केरसुणी भलत्याच्याच हातीं आहे, तेथें हा न्याय पुरा पडतो काय? प्रश्न नुसता तात्त्विक वाटूं नये म्हणून तो आम्ही पुणें जिल्ह्यांतील बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांच्या उदाहरणानें वाचकांपुढें मांडतों.

इ. स. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहूं लागला आणि या अवर्षणाच्या मुलखांत ऊंस आला. उसामागून साखर आली. आज माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपति, इंदापूरकडील कर्मयोगी शंकरराव पाटील व नीरा-भीमा असे सहकारी साखर कारखाने या पट्ट्यांत आहेत, आणि त्यांतील कित्येकांना मद्यार्काच्या आसवनीची, म्हणजे डिस्टिलरीची, जोड आहे. आसवनी हा खरोखर रसायनाचाच कारखाना होय. मळींत किंवा रसांत यीस्ट घातलें म्हणजे साखरेचे दोन वांटे होतात. एक मद्यार्क, दुसरा कार्बन डायॉक्साइड, ज्यास जुन्या पुस्तकांत कर्बाम्ल वायु म्हणत व पुढें आम्ही नुसता कर्बवायु म्हणूं. हे वांटे जवळजवळ सारखे पडतात: द्राक्षशर्करेच्या १८० भारांतून ९२ भार मद्यार्क व ८८ भार कर्बवायु. दिवसास एक लक्ष लिटर मद्यार्क काढणारी आसवनी धरली, तर सुमारें ७५ टन कर्बवायु तिच्या टाक्यांतून रोज उत्पन्न होतो. मद्यार्काचा थेंबन् थेंब मोजला जातो. कर्बवायु मोकळा सोडला तर त्याची कोणी चौकशीही करीत नाहीं.

जुन्या कारखान्यास नवीं यंत्रें जोडून हा वायु अडवितां येतो, आणि येथेंच आसवनीची विशेष स्थिति ध्यानांत येते. बॉयलरच्या धुराड्यांतून निघणाऱ्या धुरांत कर्बवायु शंभरांत दहा-पंधरा भागच असतो. बाकीच्यांतून तो निराळा काढणें हेंच मोठें खर्चाचें काम. आंबवणाच्या टाकींतून मात्र तो जवळजवळ शुद्धच बाहेर पडतो. टाकी झांकून नळ जोडावा, वायु पाण्यानें धुवावा म्हणजे त्याबरोबर उडालेला थोडा मद्यार्कही परत मिळतो, मग तो वाळवून, दाबून व थंड करून द्रवरूप करावा. रसायनशास्त्रज्ञ प्रीस्टले १७६७ मध्यें लीड्स येथें बिअरच्या भट्टीशेजारीं राहावयास गेला, तेव्हां आपल्या प्रयोगांसाठीं त्यानें हाच वायु तेथील टाक्यांवरून घेतला होता. अमेरिकेंतील डेकेटर येथें तर मक्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यांतून निघालेला सुमारें दहा लक्ष टन कर्बवायु २०११ ते २०१४ या काळांत दोन हजार मीटरांहून खोल अशा वालुकापाषाणांत पुरण्यांत आला. तेव्हां उपाय अज्ञात नाहीं.

यावर पहिला आक्षेप जमाखर्चाचा येतो. ऊंस वाढतांना हवेंतला कर्ब घेतो, आसवनी तोच परत देते. घेतलें तितकें दिलें, बाकी शून्य. भूगर्भांतला कोळसा जाळणाऱ्याशीं याची तुलना कशी करावी? आक्षेपांत तथ्य आहे. पण तो दिसतो तितका निर्दोष नाहीं. उसाला पाणी देणाऱ्या पंपांची वीज बव्हंशीं कोळशाची, खत नैसर्गिक वायूपासून झालेलें, ऊंस वाहणारा ट्रक डिझेलचा. यांचें खातें मांडलें म्हणजे बाकी शून्य राहत नाहीं. शिवाय घेतलेला कर्ब परत न देतां पुरून ठेवला, तर हवेंतील कर्ब प्रत्यक्ष कमी होतो. औद्योगिक युगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत २८० च्या आसपास असलेला हा वायु आज ४२० च्या वर गेला आहे. तो चढूं न देणें पुष्कळांस शक्य आहे. खालीं आणणें फारच थोड्यांस.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भारतांतील माणसामागें कर्बवायूचें प्रमाण जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी. सहकारी कारखान्याचा धनी म्हणजे ऊंस पिकविणारा सभासद. कारखान्यानें यंत्रांसाठीं कर्ज काढलें तर तें शेवटीं त्याच्या उसाच्या दरांतूनच फिटावयाचें. ज्यानें हवा बिघडविली नाहीं, त्यानें ती सुधारण्यासाठीं आपल्या मुलांच्या शिक्षणाचा पैसा कां द्यावा?

आमच्या मतें येथें दोन कर्तव्यांची गल्लत होत आहे. गांवांत आग लागली असतां, ज्याच्या वाड्यांत आड आहे त्यानें "आग मीं लावली नाहीं" असें म्हणून दार लावून बसणें कोणासही मान्य होणार नाहीं. त्यानें दार उघडलेंच पाहिजे. परंतु आग विझल्यावर त्याचे तुटलेले दोर व फुटलेल्या घागरी यांची भरपाई गांवानें, आणि त्यांतही आग लावणारानें अधिक, केली पाहिजे. करण्याचें कर्तव्य सामर्थ्याप्रमाणें येतें, सोसण्याचें कर्तव्य दोषाप्रमाणें. धनाढ्य राष्ट्रें पहिलें तत्त्व पुढें करून दुसरें विसरतात. आम्ही दुसऱ्याचा आश्रय घेऊन पहिलें टाळतों. दोघांचेंही बोलणें अर्धें खरें, आणि म्हणूनच तें ऐकणारास लवकर पटतें.

सामर्थ्याचाही विचार डोळसपणें व्हावयास हवा. अडविलेला वायु सोड्याच्या बाटलींत भरून विकला, तर बूच उघडतांच तो हवेंत जातो. त्यामुळें दुसरीकडे इंधनांतून काढलेल्या वायूची गरज जेवढी कमी झाली, तेवढाच लाभ. पुरावयाचा म्हटलें तर बारामती-इंदापूरच्या पायाखालीं दख्खनचा काळा पाषाण आहे. आइसलंडांत याच जातीच्या खडकांत २०१२ मध्यें पाण्यांत विरघळविलेला कर्बवायु सोडला असतां, त्यांतील शंभरांत पंच्याण्णवांहून अधिक भागाचा दोन वर्षांच्या आंत दगड झाला. वार्ता आशादायक खरी. पण तेथें एक टन वायूस सुमारें पंचवीस टन पाणी लागलें. वर सांगितलेल्या आसवनीस हा हिशेब लावला, तर रोज जवळजवळ १९ लक्ष लिटर पाणी होतें. कालव्याच्या शेवटच्या टोंकास पाळीची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचें पाणी घेऊन हवा शुद्ध करणें म्हणजे एक ऋण फेडण्यासाठीं दुसरें काढणें होय. येथल्या खडकास व येथल्या पाण्यास झेपेल अशी रीत आधीं शोधली पाहिजे. तोंवर टाक्या झांकणें, वायु मोजणें, व खरोखर उपयोगीं पडेल तेथें तो देणें, एवढें तरी विनाविलंब करतां येण्यासारखें आहे.

राहतां राहिला खर्चाचा प्रश्न, आणि तेथें आम्हां शहरवासी वाचकांचा संबंध येतो. आपल्या चहांत या कारखान्यांची साखर असते. आपल्या मोटारींतील पेट्रोलमध्यें आतां शंभरांत वीसपर्यंत भाग इथेनॉल असतें. इंधन स्वच्छ झालें याचें समाधान आपण घ्यावें आणि त्या स्वच्छतेची किंमत उसाच्या दरांतून कापली जावी, हें न्यायाचें नाहीं. लिटरमागें कांहीं पैसे अधिक पडले तर कुरकुर न करतां ते देणें, हा आपला वांटा. माळेगांवच्या किंवा भवानीनगरच्या सभासदानें दार उघडावें अशी अपेक्षा करण्याचा अधिकार, दोराचे पैसे देण्यास जो तयार आहे त्यालाच पोंचतो.