मर्यादा कोणाची राखावी?



आपल्या भागात एक जुनी रीत आहे. पारावर चार तरुण विडी ओढीत बसलेले असतात. एवढ्यात कोणी वडीलधारे समोरून येताना दिसले, की त्यांचे हात आपोआप पाठीमागे जातात. तोंडातला धूर तोंडातच गिळला जातो आणि वडील पुढे निघून जाईपर्यंत कोणी काडी ओढीत नाही. यालाच आपण मर्यादा म्हणतो. ही रीत कोणत्याही कायद्याने शिकविलेली नाही. आपल्या सुखापायी दुसऱ्याचा अवमान होऊ नये, एवढीच जाणीव तिच्या मुळाशी आहे, आणि ती जाणीव धर्माचीच होय.

परंतु तोच तरुण घरी जातो. माजघरात पाळणा हलत असतो, पत्नी चुलीपाशी असते, दम्याने खंगलेली आजी कोपऱ्यात अंथरुणावर पडलेली असते. तेथे मात्र विडी उघडपणे पेटते. वडिलांपुढे लपणारा हात तान्ह्या लेकरापुढे लपत नाही. लेकरू रागावत नाही, पत्नी बोलत नाही, आजीस उठून जाता येत नाही. मग आपण राखतो ती मर्यादा, की केवळ भीड? या प्रश्नाचा विचार आज आपण सर्वांनी मिळून करावा, अशी नम्र विनंती आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. विडी ओढणाऱ्यास अथवा तंबाखू पिकविणाऱ्यास हिणविण्यासाठी हे लिहिलेले नाही. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्यास लागली आणि तिचे नावही त्यांच्याच भाषेतून आपल्याकडे आले. इ. स. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग याने ती विजापुराहून बादशहाच्या दरबारी नेली. पुढे निपाणी ही विडीच्या तंबाखूची मोठी पेठ झाली आणि हजारो कुटुंबांची चूल तिच्यावर पेटली. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीस शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात त्यांच्यापैकी काहींचे प्राण गेले. निपाणीच्या वखारींत तंबाखूच्या धुळीत राबणाऱ्या भगिनींनीही आपल्या हक्कांसाठी संघटना उभारली. त्या कष्टांचा अनादर कोण करील?

परंतु त्याच १९८१ साली दूर जपानात आणखी एक गोष्ट उजेडात आली. ताकेशी हिरायामा नावाच्या संशोधकाने स्वतः कधीही धूम्रपान न केलेल्या नव्वद हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांची १४ वर्षांची माहिती जमविली होती. ज्यांचे पती फार सिगारेट ओढीत, त्या स्त्रियांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक आढळले. ओढले एकाने आणि भोगले दुसरीने. त्यानंतर अनेक देशांतील अभ्यासांनी याच गोष्टीस दुजोरा दिला. विडीचा धूर केवळ ओढणाऱ्याच्या मुखातून बाहेर पडत नाही. तिच्या जळत्या टोकाचा धूर थेट जवळ बसलेल्यांकडे जातो. अशा घरांतील लहान मुलांना दमा, छातीचे विकार व कानाचे दुखणे अधिक जडते. दुसऱ्याच्या धुरामुळे जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आपल्या देशात २०१६-१७ साली झालेल्या मोठ्या पाहणीत शंभर प्रौढांमागे सुमारे अकरा जण धूम्रपान करणारे आढळले. परंतु घरातल्या घरात दुसऱ्याचा धूर सोसणारे शंभरांत अडतीसहून अधिक निघाले. ओढणारे थोडे आणि सोसणारे फार, अशी ही स्थिती आहे.

आता आपले शास्त्र काय सांगते ते पाहू. अतिथी हा देव, हे आपण सर्व जाणतो. तरीही गृहस्थाच्या घरी प्रथम कोणास जेवू घालावे, याविषयी मनुस्मृतीने नववधू, कुमारिका, आजारी आणि गर्भवती स्त्रिया यांना अतिथीच्याही आधी वाढावे असे सांगितले आहे. याज्ञवल्क्य स्मृतीने या पंक्तीत बालकांस व वृद्धांसही बसविले आहे. याचा अर्थ काय? ज्याला मागता येत नाही, ज्याला थांबवत नाही, त्याचा मान पहिला. दुर्बळासमोर समर्थाने हात आखडावा, ही आपल्या धर्माने घातलेली मर्यादा आहे. अन्नाच्या बाबतीत जे शास्त्र आहे, ते श्वासाच्या बाबतीत नसावे काय? अन्नावाचून मनुष्य काही दिवस काढील. श्वासावाचून घटकाभरही काढणार नाही.

कोणी म्हणेल, "मी विचारूनच ओढतो." विचारणे चांगलेच. परंतु कोणाला विचारतो, हेही पाहावे. सासऱ्यांनी सुनेस विचारले, मालकाने गड्यास विचारले, तर "नको" हा शब्द त्यांच्या ओठांवर येईल काय? त्यांच्या मौनास संमती समजणे न्यायाचे नव्हे. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला विचारून उपयोग नाही. त्याच्यासाठी आपणच उठून बाहेर जावे.

दुसरे कोणी म्हणेल, "शेगावचे गजानन महाराज चिलीम ओढीत, शिर्डीच्या साईबाबांच्या हातीही चिलीम असे." खरे आहे. परंतु या महापुरुषांचे वैराग्य, त्यांची भूतदया, त्यांचे अकिंचन जीवन यांतले काहीच न उचलता नेमकी चिलीमच उचलावी, ही कसली भक्ती? आणि तिसरे कोणी विचारील, "देवळात धूप आणि होम यांचा धूर होत नाही काय?" हाही प्रश्न योग्यच आहे. धूर पवित्र कार्याचा असला तरी फुप्फुसास तो धूरच. म्हणून गाभारा कोंदू न देणे, होमाच्या वेळी दारे-खिडक्या मोकळ्या ठेवणे, बालकांस व दम्याच्या रोग्यांस दूर वाऱ्याच्या बाजूस बसविणे, हे आम्हा पूजाऱ्यांच्या घराण्यांचेही कर्तव्य आहे. दुसऱ्यास सांगावयाचे ते आधी आपण पाळले पाहिजे.

आता कणकुंबीपुरते बोलू. आपल्याकडे पावसाळ्यात दिवसचे दिवस झड लागते. त्या वेळी बसची वाट पाहणारे, बाजारहाट करून परतणारे, सर्वच देवळाच्या मंडपाचा आसरा घेतात. बाहेर पाऊस म्हणून विडी मंडपाच्या उंबरठ्यावर पेटते आणि वारा तिचा धूर आत आणतो. आत लेकुरवाळ्या बसलेल्या असतात. त्यांनी भर पावसात जावे तरी कोठे? जागा बदलणे ओढणाऱ्यास शक्य आहे, त्यांना नाही. एवढे ध्यानात घेऊन त्याने छत्री घ्यावी व चार पावले दूर जावे.

दुसरी गोष्ट थोटकांची. मंडपाचा पहाटेचा केर काढताना ती रोज सापडतात. सिगारेटच्या टोकाशी जो कापसासारखा बोळा असतो तो कापूस नव्हे. तो एक प्रकारचे प्लॅस्टिक असून लवकर कुजत नाही. आपल्या गावी मलप्रभेचा उगम आहे. हेच पाणी पुढे सौंदत्तीच्या धरणात साठते, हुबळी-धारवाडच्या घरांत पोहोचते आणि कूडलसंगमास कृष्णेला मिळते. उगमापाशी राहणाऱ्यांनी पाण्यात काय टाकावे, हे वेगळे सांगावयास हवे काय?

तिसरी गोष्ट वणव्याची. फाल्गुन-चैत्रात आपल्या माळावरचे गवत वाळून कोळ होते. मार्च २०२३ मध्ये चोर्ल्याच्या घाटाखाली गोव्यातील म्हादई अभयारण्यात वणवे पेटले, तेव्हा ते विझविण्यास नौदलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली होती. वणव्याची कारणे अनेक असतात. परंतु न विझविता फेकलेले एक थोटूक त्यांतले एक होऊ शकते. म्हणून विडी पायाखाली चुरडून, पाण्यात भिजवून, डबीत ठेवून मगच पुढे जावे.

कायद्याचेही भान असावे. २००३ च्या केंद्रीय कायद्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान निषिद्ध ठरविले. २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी ते अधिक कडक केले. मूळचा दंड २०० रुपयांपर्यंत होता. कर्नाटकाने केलेल्या दुरुस्तीस २०२५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि तो १,००० रुपयांपर्यंत वाढला. परंतु दंडाच्या भयाने पाळलेला नियम शिपायाची पाठ वळताच मोडतो. मनाने पत्करलेली मर्यादा कोणी पाहत नसतानाही टिकते.

ज्यांची विडी सुटेल त्यांनी ती सोडावी, यासारखे उत्तम काही नाही. त्यांनी श्रीमाउलीपुढे नारळ ठेवून संकल्प करावा आणि वैद्यांचे साहाय्यही घ्यावे. ज्यांची सुटत नाही, त्यांचा तिरस्कार या देवळात कोणी करणार नाही. त्यांच्याकडे मागणे एवढेच आहे. वडील दिसताच ज्या लगबगीने आपला हात पाठीमागे जातो, त्याच लगबगीने तो बालक, गर्भवती अथवा आजारी मनुष्य दिसताच जावा. मी वयाने लहान आहे. अधिक-उणे लिहिले गेले असल्यास वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. परंतु विचार पटला तर आजच्या सायंकाळपासूनच आपापल्या माजघरात त्याचे पालन व्हावे.

श्रीमाउली सर्वांस आरोग्य आणि सद्बुद्धी देवो. इति शुभम्.