लालीची उपाधी

जिथे धूर तिथे अग्नी, हे अनुमान नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, मान्य केले. जिथे अग्नी तिथे धूर, हे मात्र नाकारले. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी इंधन ओले लागते. नियमात न सांगता शिरलेल्या अशा अटीला त्यांनी ‘उपाधी’ म्हटले. वैद्यकातला एक फार जुना नियम या कसोटीवर घासून पाहण्यासारखा आहे. पहिल्या शतकातल्या रोमन सेल्ससने दाहाची चार लक्षणे सांगितली : लाली, सूज, उष्णता, वेदना. यांपैकी लालीला एक उपाधी चिकटलेली आहे, ती म्हणजे गोरी कातडी. दाहात रक्तवाहिन्या सगळ्यांच्याच फुगतात; पण गडद त्वचेतले मेलॅनिन प्रकाश शोषून घेते आणि तोच दाह जांभळट, करडा किंवा काळपट तपकिरी दिसतो. लालसर चट्टा शोधणाऱ्याच्या नजरेतून मग इसब किंवा सोरायसिस निसटतो. त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिकची १९७५ची त्वचावर्गवारीसुद्धा मुळात गोऱ्या कातडीपुरतीच होती. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे वर्ग तिला मागाहून जोडले गेले.

यावर कोणी म्हणेल, आपल्याकडचे डॉक्टर रोज सावळी कातडीच पाहतात, मग हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण नुसते दिसणे आणि ‘हे अमुक आहे’ असे ओळखणे यांत न्यायशास्त्राने निर्विकल्पक-सविकल्पक असा भेद केला, तो उगाच नव्हे. ओळख शब्दांतून होते, आणि वर्णनाचे शब्द ज्या कातडीवरून घडले ती आपली नव्हती. लंडनच्या सेंट जॉर्जेसमधल्या मलोन मुक्वेंडे या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने शिक्षकांच्या साथीने २०२० मध्ये काढलेल्या ‘माइंड द गॅप’ या पुस्तिकेत गडद त्वचेवरच्या लक्षणांची छायाचित्रे आहेत, आणि त्यांचे वर्णन कसे करावे हेही आहे. नुसती छायाचित्रे वाढवून भागले नसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : मग काय प्रत्येक वर्णाचे वैद्यक निराळे? तसे मुळीच नाही. उपाधी सापडली म्हणून नियम मोडत नाही. तो नेमका कुठे लागू पडतो, एवढेच कळते. दाह एकच, त्याची खूण त्वचेगणिक बदलते. म्हणून जिथे रंग दगा देतो तिथे ऊब, सूज, खरखरीतपणा हाताने पाहावा लागतो. कुष्ठरोगाचा चट्टा सावळ्या त्वचेवर फिकट दिसतो, गोऱ्या त्वचेवर लालसरही असू शकतो. तपासणारा मात्र तिथे स्पर्श कळतो का, हे पाहतो. आणि बधिर चट्टा, मग तो कोणत्याही रंगाचा असो, कुष्ठरोगाचे प्रमुख लक्षण मानला जातो.