गर्दीला चेहरा असतो

फुटबॉलचा सामना बसून पाहावा की उभ्याने, या प्रश्नावर इंग्लंडमध्ये गेली तीस-पस्तीस वर्षे वाद चालू आहे असे सांगितले, तर पुष्कळांना हसू येईल. ज्याला बसायचे त्याने बसावे, ज्याला उभे राहायचे त्याने उभे राहावे. त्यात तत्त्वचिंतन ते कसले? तथापि हा वाद वरवर आसनांचा दिसला तरी मुळात तो माणसांविषयीचा आहे. पुष्कळ माणसे एके ठिकाणी जमली म्हणजे त्यांचे माणूसपण कमी होते काय? त्यांतील काहींच्या पापाचा भार उरलेल्यांच्या माथी मारता येतो काय? आणि जमलेल्या लोकांची काळजी वाहण्याचे उत्तरदायित्व कोणाचे? त्यांचे स्वतःचे, की ज्यांनी त्यांना बोलावले, तिकिटे विकली आणि दारे उघडली त्यांचे? सण, यात्रा आणि मिस्सा यांच्या निमित्ताने वारंवार एकत्र जमणाऱ्या आपल्यासारख्या समाजाला हे प्रश्न परके नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-स्कॉटलंडमधील गिरण्यांच्या आणि गोद्यांच्या शहरांत कामगारांना शनिवारी दुपारी मोकळीक मिळू लागली आणि फुटबॉल हा त्यांचा खेळ झाला. कित्येक संघ चर्चच्या अंगणात जन्मले. ग्लासगोचा सेल्टिक हा संघ १८८७ साली वॉल्फ्रिड नावाच्या एका मारिस्ट ब्रदरने स्थापन केला, तो तेथील गरीब मुलांच्या अन्नासाठी पैसा उभा राहावा म्हणून. या संघांचे बहुसंख्य चाहते सामना उभ्यानेच पाहत. मैदानाच्या कडेला उतरत्या पायऱ्यांचे लांबलचक कट्टे असत. तिकीट स्वस्त असे. बाप मुलाला घेऊन येई आणि हजारो लोक खांद्याला खांदा लावून गात, डोलत, एका श्वासाने ओरडत. गरिबाच्या आठवड्यातील तो एक उत्सव होता.

पुढे १९७० च्या दशकात या उत्सवात हिंसा शिरली. तरुणांच्या टोळ्या एकमेकांवर धावून जाऊ लागल्या. तेव्हा मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये उंच लोखंडी जाळ्या उभारण्यात आल्या आणि कट्ट्यांचेही जाळ्या घालून तुकडे पाडण्यात आले. या तुकड्यांना इंग्रजीत ‘पेन’ म्हणत. मेंढरे कोंडण्याच्या वाड्यालाही तोच शब्द आहे. शब्द सहज वापरात आला असेल. पण माणसांच्या जागेला कोंडवाडा म्हणू लागले की आतल्या माणसांकडे पाहण्याची दृष्टीही हळूहळू तशीच होते.

२९ मे १९८५ रोजी ब्रुसेल्समधील हेझेल मैदानावर लिव्हरपूल आणि इटलीचा युव्हेंटस यांच्यातील अंतिम सामन्याआधी लिव्हरपूलच्या काही समर्थकांनी शेजारच्या प्रेक्षकांवर चाल केली. घाबरून मागे हटलेले लोक एका भिंतीशी चेंगरले, भिंत कोसळली आणि ३९ जणांचा प्राण गेला. त्यांत बहुतेक इटालियन होते. मैदान जुने व मोडकळीला आलेले होते हे खरे. परंतु चाल करून जाणाऱ्यांचा दोष त्यामुळे धुतला जात नाही. पुढे त्यांच्यापैकी १४ जणांना बेल्जियमच्या न्यायालयाने दोषी ठरविले. येथे गर्दीतील माणसांनी पाप केले होते आणि ते पाप त्यांच्याच नावावर लिहिले गेले. न्यायाची रीत अशीच असावी.

चार वर्षांनी, १५ एप्रिल १९८९ रोजी, शेफिल्ड शहरातील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा उपांत्य सामना होता. लिव्हरपूलच्या समर्थकांसाठी ठेवलेल्या बाजूला आत शिरण्याची फिरती फाटके फारच थोडी होती. तीनच्या सामन्यासाठी अडीचनंतर बाहेर इतकी दाटी झाली की तेथेच कोणी दगावेल अशी भीती निर्माण झाली. २ वाजून ५२ मिनिटांनी पोलिसांनी बाहेर जाण्याचे एक मोठे दार उघडण्याचा हुकूम दिला आणि सुमारे दोन हजार लोक आत आले. समोरच एक बोगदा होता. तो थेट मधल्या दोन कोंडवाड्यांत उतरत होता आणि ते आधीच खच्चून भरलेले होते. बाजूच्या भागांत जागा शिल्लक होती. पण बोगदा बंद करून लोकांना तिकडे वळविण्याचे कोणाला सुचले नाही. मागून येणाऱ्याला पुढे काय चालले आहे ते दिसत नव्हते. पुढचा माणूस जाळीवर दाबला जाऊन श्वासासाठी तडफडत होता. काही जण जाळीवरून चढू लागले, तेव्हा हे मैदानात घुसून दंगा करणार असा पोलिसांचा प्रथम समज झाला. सामना ३ वाजून ६ मिनिटांनी थांबविण्यात आला. ज्यांना हुल्लडबाज मानले गेले, त्याच समर्थकांनी जाहिरातींचे फलक उपटून त्यांच्या डोल्या केल्या आणि जखमींना वाहून नेले. त्या चेंगराचेंगरीने अखेरीस ९७ बळी घेतले. त्यांतील सर्वांत लहान मुलगा दहा वर्षांचा होता; शेवटच्या माणसाने बत्तीस वर्षे व्याधी भोगून २०२१ साली प्राण सोडला.

मृत्यूनंतर जे घडले ते मृत्यूइतकेच क्लेशकारक आहे. समर्थकांनीच दार फोडले, असे बंदोबस्ताच्या मुख्य अधिकाऱ्याने त्याच दुपारी सांगितले. ते असत्य होते, आणि ही गोष्ट त्याने २०१५ साली चौकशीसमोर मान्य केली. मृतांचे, अगदी मुलांचेदेखील, रक्त मद्यासाठी तपासण्यात आले. चार दिवसांनी ‘द सन’ या वृत्तपत्राने पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापले की समर्थकांनी मृतांचे खिसे कापले. न्यायमूर्ती टेलर यांनी त्याच वर्षी आपल्या अंतरिम अहवालात पोलिसांच्या नियंत्रणातील अपयश हे मुख्य कारण म्हणून नमूद केले. तरी १९९१ साली मृत्यूंचा निर्णय ‘अपघात’ असाच लागला. लिव्हरपूलचे अँग्लिकन बिशप जेम्स जोन्स यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र मंडळाने २०१२ साली कागदपत्रे उघड केली, तेव्हा पोलिसांचे १६४ जबाब बदलण्यात आले होते हे जगाला कळले. २६ एप्रिल २०१६ रोजी नव्या चौकशीच्या ज्यूरीने निर्णय दिला की तोवर मृत झालेल्या ९६ जणांचा बेकायदा वध झाला आणि समर्थकांच्या वर्तनाचा त्यात काहीही वाटा नव्हता. हे एक वाक्य ऐकण्यासाठी आईबापांना सत्तावीस वर्षे वाट पाहावी लागली. काहींचे डोळे तोपर्यंत मिटले होते.

हे असत्य इतकी वर्षे टिकले कसे? हेझेलच्या आठवणीमुळे ते पटण्याजोगे झाले होते, हे त्याचे एक कारण. लोकांनी मनाशी हिशेब मांडला: लिव्हरपूलच्या समर्थकांनी १९८५ साली माणसे मारली, १९८९ साली लिव्हरपूलचे समर्थक मेले, तेव्हा दोष त्यांचाच असणार. ज्याने १९८५ साली चाल केली तो माणूस वेगळा आणि १९८९ साली जाळीशी गुदमरलेला दहा वर्षांचा मुलगा वेगळा, हा साधा भेद ‘गर्दी’ या एका शब्दाखाली पुसला गेला. सदोमासाठी परमेश्वराशी घासाघीस करणाऱ्या अब्राहामाने नेमके याच गोष्टीला हरकत घेतली होती: दुष्टांबरोबर नीतिमानांचाही नाश व्हावा काय? पन्नासापासून तो दहापर्यंत खाली आला, कारण त्याच्या दृष्टीने नगर म्हणजे एक ढीग नव्हता. त्यात मोजता येण्याजोगी माणसे होती.

आता आसनांच्या वादाकडे वळू. टेलर यांनी जानेवारी १९९० मधील अंतिम अहवालात मोठ्या मैदानांवर सर्वांसाठी आसने असावीत अशी शिफारस केली आणि १९९४ पर्यंत इंग्लंडच्या वरच्या दोन श्रेणींतील मैदानांवर उभ्याचे कट्टे बहुतेक नाहीसे झाले. जाळ्या गेल्या आणि मैदाने पुष्कळ सुरक्षित झाली, हे निःसंशय. तथापि चाहत्यांतील वाद मिटला नाही. एका पक्षाचे म्हणणे असे की उभे राहणे हे मुळात धोक्याचे नाही, आणि टेलर यांनीही तसे म्हटले नव्हते. माणसे मेली ती कोंडल्यामुळे आणि नियंत्रणाच्या चुकीमुळे. जर्मनीत डॉर्टमुंडच्या मैदानावर सुमारे २५ हजार लोक आजही उभ्याने सामना पाहतात. शिवाय आसनांबरोबर तिकिटांचे दर इतके वाढले की ज्याच्या बापाने आणि आजाने हा खेळ उभा केला, तो कामगारच बाहेर राहिला. दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही हलके नाही. पुढची रांग उभी राहिली की मागचे म्हातारे, मुले आणि अपंग यांना काहीच दिसत नाही. जक्कय ठेंगणा होता आणि गर्दीमुळे त्याला येशू दिसेना. त्याला चढायला उंबराचे झाड तरी मिळाले. मृतांच्या आप्तांपैकी अनेकांना तर पुन्हा उभ्याचे कट्टे ही कल्पनाच सहन होत नव्हती. त्यांच्या दुःखाला युक्तिवादाने उत्तर देता येत नाही. ते आदराने ऐकून घ्यावे लागते.

शेवटी एक मध्यम मार्ग निघाला. प्रत्येक रांगेत कमरेइतका कठडा, त्याला जोडलेले दुमडते आसन, आणि प्रत्येकाला स्वतःची मोजलेली जागा. २०१६ साली अशी सोय ब्रिटनमध्ये प्रथम सेल्टिकच्या मैदानावर झाली आणि २०२२ पासून इंग्लंडमध्येही तिला परवानगी मिळाली. या सोयीचे मर्म लोखंडी कठड्यापेक्षा मोजण्यात आहे. माणूस उभा असो वा बसलेला, त्याची जागा कोणीतरी विचारपूर्वक राखून ठेवलेली आहे.

तरीही सगळा भार व्यवस्थेवर टाकून चाहत्याला मोकळे सोडता येणार नाही. गरिबांच्या अन्नासाठी स्थापन झालेल्या त्याच सेल्टिकच्या आणि प्रतिस्पर्धी रेंजर्सच्या चाहत्यांनी कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट या नावांनी एकमेकांना शिव्याशाप देणारी गाणी पिढ्यान्‌पिढ्या गायिली आहेत. आपल्या श्रद्धेचे नाव अशा तोंडी यावे याची लाज वाटल्याशिवाय राहत नाही. आपल्या देशातही १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात मैदानावरची चकमक प्रेक्षकांत पसरली आणि १६ जण मृत्युमुखी पडले. दोन्ही संघांचे समर्थक एकत्र बसले होते. आसने होती, पण संयम नव्हता. गर्दीत शिरल्यावर आपला आवाज कोणाचाच नाही असे माणसाला वाटू लागते आणि एकट्याने जे शब्द तो कधी उच्चारणार नाही ते हजारांच्या सुरात उच्चारतो. पण पापनिवेदनाला प्रत्येकाला एकट्यानेच जावे लागते. तेथे ‘आम्ही’ म्हणून चालत नाही.

गर्दीची दुसरी बाजूही याच खेळाने दाखविली आहे. हिल्सबरोनंतर आठवड्याने लिव्हरपूल आणि त्याचा शहरातील प्रतिस्पर्धी एव्हर्टन यांच्या चाहत्यांनी दोन्ही मैदानांच्या मधल्या उद्यानातून आपापले लाल आणि निळे गळपट्टे एकमेकांना बांधून लांबच लांब माळ केली. कोलकात्यात त्या १६ मृतांच्या स्मरणार्थ १६ ऑगस्टला रक्तदान केले जाते. जो समूह रक्त सांडू शकतो तोच ते देऊही शकतो.

पाच हजारांच्या भोजनाचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भाकरी आणि मासे यांकडेच आपले लक्ष जाते. त्याआधीची एक बारीक गोष्ट मार्क आवर्जून नोंदवितो. दिवस उतरला होता, जागा ओसाड होती आणि लोकांना पाठवून द्यावे असा शिष्यांचा सल्ला होता. त्यांच्या दृष्टीने गर्दी ही एक अडचण होती. येशूला मात्र त्या लोकांचा कळवळा आला होता. त्याने त्यांना हिरवळीवर, शंभर-शंभर आणि पन्नास-पन्नास यांचे गट करून बसावयास सांगितले. भाकर मोडण्यापूर्वी त्याने प्रत्येकाला जागा दिली. चेंगरून कोणी पुढे येऊ नये आणि मागे राहून कोणी उपाशी जाऊ नये.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईतील एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर २३ माणसे चेंगरून मेली, तेव्हा ‘लोकांना शिस्तच नाही’ असे उद्गार आपणही ऐकले असतील. असे उद्गार तोंडी येण्यापूर्वी पूल किती रुंद होता, हे विचारायला हवे. आपल्या धर्मग्रामाच्या सणाला चर्चचे अंगण भरून वाहते, तेव्हा बाहेर जाण्याची दारे उघडी आहेत का, व्हीलचेअरवरच्या आजीबाईंना वेदी दिसते का, मागून रेटणाऱ्याला पुढे मूल आहे हे कोणी सांगितले आहे का, हे पाहणे केवळ स्वयंसेवकांचे काम नाही. ज्याने लोकांना बोलावले त्याने त्यांची जागा मोजावी, आणि जो आला त्याने शेजाऱ्याची जागा राखावी.