झाकली मूठ

आमच्या सासरेबुवांच्या गोठ्यात दोन म्हशी, एक खोंड आणि एक स्पोर्ट्‌स कार बांधलेली आहे. ‘बांधलेली’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. कासारसाईतला हा गोठा उतारावर आहे आणि गाडीचा हँडब्रेक तेव्हा धरत नव्हता, म्हणून पहिल्याच रविवारी सासरेबुवांनी तिला दाव्याने खुंट्याला बांधून टाकलं. पुण्यात आमच्या सोसायटीत मला एका स्कूटरपुरती जागा आहे. त्यामुळे दुसरा-चौथा शनिवार आणि सगळे रविवार मी हिंजवडीची गर्दी ओलांडून सासुरवाडीला जातो. सासुरवाडीची एवढी ओढ असलेला पंचेचाळिशीतला माणूस आमच्या बँकेत दुसरा नाही.

गाडी सॅन स्टॉर्म. नाव ऐकून पुष्कळांना ते पोटदुखीवरचं औषध वाटतं. पण ही गोव्यात, वेर्ण्याला जन्मलेली, दोन माणसांची, कापडी टपाची खरीखुरी स्पोर्ट्‌स कार आहे. १९९८च्या सुमारास ती बाजारात आली. इंजिन रेनोचं, ११४९ सीसी, ६० अश्वशक्तीचं, बॉडी फायबरग्लासची. थोड्याच बनल्या, आणि आता बनत नाहीत.

सासरेबुवांचा ऊस कासारसाई-दारुंब्र्याच्या संत तुकाराम कारखान्याला जातो. अश्वशक्ती हा त्यांच्या रोजच्या व्यवहारातला शब्द आहे.

“जावईबापू, आपला ट्रॅक्टर पस्तीस घोड्यांचा. हिला साठ. मग ही उसाची ट्रॉली का वढत न्हाई?”

मी त्यांना गिअर, वेग, वजन असं पुष्कळ सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजी घोडं कागदावर हायेत म्हना की.”

ही गाडी मी बंद अवस्थेत सव्वा लाखाला घेतली. आता, मी कॉमर्सचा पदवीधर. मला घसारा कळतो. आयकराच्या हिशेबात मोटारगाडीची किंमत दरसाल १५ टक्क्यांनी घटवतात, तीही उरलेल्या किमतीवर. शंभराचे पंच्याऐंशी, पंच्याऐंशीचे सव्वाबहात्तर. या पद्धतीची गंमत अशी की किंमत शून्याकडे जात राहते, पण शून्यावर कधीच पोचत नाही. पंचवीस वर्षांनीही शंभरातले पावणेदोन रुपये शिल्लक असतात. माणूस प्रेमात पडतो तो या पावणेदोन रुपयांच्या.

दुरुस्ती स्वतःच करायची हे मी आधीच ठरवलं होतं. आमच्या पिढीने लहानपणी वडिलांना बजाजची स्कूटर कलती करून, प्लग पॉलिश पेपरने घासून, मग किक मारताना पाहिलेलं आहे. शिवाय गॅरेजवाला फसवतो, हे आपण सगळेच धरून चालतो. तेव्हा आपणच गॅरेजवाले झालो की फसवणूक संपली, असा माझा साधा हिशेब होता.

पहिला धडा ब्रेकने दिला. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला एक माणूस पेडलवर आणि एक चाकाजवळ लागतो. पेडलवर आमची ही. “दाब!” “दाबलंय.” “धरून ठेव!” “धरलंय.” मग मी निपल सैल करायचा, तेल-हवा बाहेर पडली की आवळायचा आणि ओरडायचं, “सोड!” पाचव्या वेळी मी आवळायच्या आधीच हिने सोडलं आणि हवा पुन्हा आत गेली. त्यावर मी जे बोललो त्याला संसारातले पंधरा वर्षांपूर्वीचे संदर्भ जोडले गेले. नंतरचा अर्धा तास ब्रेक बाजूला राहिला.

फायबरग्लासचं काम त्या मानाने अबोल. काचेची मॅट, रेझिन आणि त्यात शेकडा एक-दोन भाग हार्डनर. मी मे महिन्यात, उन्हात, अंदाजाने चहाच्या पेल्यात कालवलं. ब्रश उचलायच्या आत पेला, ब्रश आणि रेझिन यांचं एकच शिवलिंग झालं. (कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत, स्फोट होतो, हे मात्र मी आधी वाचलेलं होतं. म्हणून हा लेख.) आणि इंजिन पुन्हा जोडून झाल्यावर उरलेले सात नट आणि एक वायसर मी बिस्किटाच्या डब्यात ठेवले. हिशेब जुळला नाही की फरक सस्पेन्स खात्यात टाकावा, हे आम्हाला कॉलेजातच शिकवलेलं आहे.

पण सांगायचं होतं ते वेगळंच.

फायबरग्लासला गंज चढत नाही. त्याखालचा सांगाडा मात्र लोखंडाचा, आणि गाडीची उमेदीची वर्षं समुद्रकाठी गेलेली. तेव्हा दोष कुणाचाच नाही, अरबी समुद्राचा. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात तो प्रकार. एका रविवारी मी गाडीखाली उताणा पडून स्क्रू ड्रायव्हरने टोचत टोचत गेलो, तर मागच्या उजव्या चाकाजवळ, जिथे सगळा भार येतो तिथे, तो लोखंडात असा शिरला जसा भाकरीत अंगठा.

नीट उपाय एकच. कुजलेला तुकडा कापायचा आणि नवा वेल्ड करायचा. त्यासाठी आतलं निम्मं सामान उतरवणं आलं. साडेपाच वाजले होते. गावातला वेल्डर गळीत हंगामात ट्रॉल्यांच्या रांगेत अडकलेला. मी इकडेतिकडे पाहिलं. एका म्हशीखेरीज कोणी बघत नव्हतं. मी भोकात मॅट कोंबली, वर पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला आणि काळा रंग दिला. काम इतकं सुबक झालं की मलाच ती जागा पुन्हा सापडेना. झाकली मूठ, आणि किंमतही नेमकी सव्वा लाख!

त्या रात्री मला झोप आली नाही. हे गॅरेजवाल्याने केलं असतं तर मी त्याला सोडला नसता. मी पुणेकर आहे. ग्राहक पंचायत १९७४ साली निघाली ती याच शहरात. पण इथे तक्रारदार मी आणि जाबदेणारही मीच. गॅरेजवाल्याने फसवलं की निदान आपण निर्दोष तरी राहतो. ती चैनसुद्धा मी सव्वा लाखात गमावली होती.

मी स्वतःची समजूत घालून पाहिली. झाकणं म्हणजे फसवणं असं थोडंच आहे? गणपतीची मूर्ती घडवणारा पाठीमागची बाजू साधीच ठेवतो, त्याला कोणी लबाड म्हणत नाही. आमच्या सासूबाई गोधडी शिवतात तेव्हा फाटकी लुगडी आतच घालतात, आणि त्या गोधडीसारखी ऊब दुसऱ्या कशाला नाही. पण गोधडीत काय आहे हे पांघरणाऱ्याला ठाऊक असतं. आणि गणपती कोणी पाठीमागच्या बाजूवर बसवत नाही. माझ्या गाडीचं बसणं नेमकं त्या पुट्टीवर होतं.

तरीही, खोटं कशाला बोलू, मी तीन आठवडे काही केलं नाही. गाडी चालू झाली होती. गावातली पोरं हॉर्न वाजवून जात होती. मी स्वतः तीत बसून धरणापर्यंत जाऊन आलो, ताशी वीसने, आणि सगळा वेळ उजव्या कानाने मागचं ऐकत होतो. स्वतःच्या जिवाचा प्रश्न असला की माणूस सवलत देतो, हे कर्जविभागात बसणाऱ्याला सांगायला नको.

मग मेव्हण्याचा मुलगा आला. लायसन्स नवं कोरं, पंधरा दिवसांचं. “मामा, धरणावर एक चक्कर मारून येऊ? तिला पण घेऊन जातो.” ‘ती’ अंगणात उभी होती. साखरपुडा झालेली, ओढणी सावरत.

किल्ली माझ्या हातात होती. सासरेबुवा म्हणाले, “द्या की जावईबापू, पोरगं सांभाळून चालवतंय.”

“आज नको,” मी म्हणालो.

“का?”

बँकेत वीस वर्षं मी लोकांना ‘आज नको’चं कारण न सांगता परत पाठवलेलं आहे. तिथे मात्र मला एक कारण सुचेना. मी म्हणालो, “खाली पुट्टी आहे.”

पोराला काही कळलं नाही. सासरेबुवांना कळलं. ते काही बोलले नाहीत, दावं घेऊन आले आणि गाडी परत खुंट्याला बांधली.

वेल्डरकडे नंबर लागायला महिना गेला. त्याने खाली वाकून, बोटाने टिचकी मारून, पहिल्याच टिचकीला जागा ओळखली. “ह्ये कुनी केलंय?” मी म्हणालो, “आधीच्या मालकाने.” मग जरा थांबून म्हणालो, “मीच.” तो म्हणाला, “पुट्टीवर वेल्डिंग धरत न्हाई. समदं उघडं करून आना.”

उघडं करायला तीन रविवार लागले. सीट काढली, टाकी काढली, बॅटरीच्या वायरी सोडल्या, बॉडी पेटू नये म्हणून ओली गोणपाटं लावली. ग्राइंडरने माझा तो सुबक काळा रंग उडाला तेव्हा पोटात तुटलं. कुजका भाग दिसत होता त्याच्या दुप्पट निघाला. त्याने चांगलं लोखंड लागेपर्यंत कापलं, तुकडा बसवला, चारी बाजूंनी वेल्ड केला. मी प्रायमर मारला. त्यावर काळा रंग.

सगळं परत जोडून झाल्यावर सासरेबुवांना मुद्दाम बोलावलं. ते गुडघे धरत खाली बसले, बॅटरी मारून बराच वेळ पाहत राहिले.

“हितं काय क्येलंत म्हनला?”

“तिथेच. ते काळं दिसतंय ना.”

“ते तर तवाबी काळंच हुतं,” ते म्हणाले, आणि पोराला हाक मारून दावं सोडायला लागले.