बरबटलेल्या हातांची फिर्याद

चोरी कोणाच्या घरी झाली हे पाहून चोरीचा विचार बदलावा काय? वर्गात विचारले तर मुले एका आवाजात ‘नाही’ म्हणतील. चोरीस गेलेली वस्तू म्हणजे एक अश्लील चित्रफीत आहे, असे सांगा. मग मुलांचे राहोच, त्यांचे पालकही गप्प बसतील. (सांगण्याचे धैर्य या मास्तरात नाही, ही गोष्ट वेगळी.)

काही देशांत प्रौढांसाठी अशा चित्रफिती काढणे हा कायद्याने चालणारा धंदा आहे. कोणी त्या उचलून संकेतस्थळावर फुकट टाकतो आणि भोवतीच्या जाहिरातींवर पैसे मिळवतो. मूळ निर्मात्याने दाद कोठे मागावी? १९१५ साली इंग्लंडच्या न्यायालयाने एलिनॉर ग्लिन या कादंबरीकर्त्रीला बजावले की, तुमचे पुस्तकच अनीतीचे, त्याच्या हक्कासाठी आमच्याकडे येऊ नका. १९७९ साली अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने नेमके उलट म्हटले: कृती अश्लील होती, हा नक्कल करणाऱ्याचा बचाव होऊ शकत नाही.

मला हा दुसरा निकाल पटतो. पहिल्याने नीती राखली म्हणावी, तर जी वस्तू पसरू नये असे वाटते तीच फुकट वाटायला चोराला रान मोकळे! माझी एक कादंबरी अशीच मोबाइलवरून फिरते आहे. ती सोवळी, म्हणून माझी तक्रार अधिक खरी, असे मला मानवत नाही.

आपल्या १९५७ च्या कायद्यात अश्लील कृतीला स्वामित्वहक्क नाही, असे कोठे लिहिलेले नाही. मनाई हुकूम, नुकसानभरपाई, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद, सारे मार्ग कागदावर आहेत. पण फिर्यादीला आधी ‘ही चित्रफीत माझी’ असे म्हणावे लागते. आणि ती इंटरनेटवर त्यानेच प्रसिद्ध केली असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-अ कलमाखाली हाच त्याचा कबुलीजबाब! शिक्षा पाच वर्षांपर्यंत. चोर निर्धास्त असतो तो यामुळे.

भोगू देत, असे कोणी म्हणेल. त्याने ‘श्यामा’ आठवावी. चंद्रकांत काकोडकरांची ही कादंबरी ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. मुंबई उच्च न्यायालयाने २५ रुपये दंड केला, प्रती नष्ट करायला सांगितल्या. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला निर्दोष सोडले. मधल्या काळात कोणी चोरटी आवृत्ती काढून अप्पा बळवंत चौकात विकली असती तर? ग्लिनबाईंच्या न्यायाने ती आधी चोरी नव्हे, आणि १९६९ नंतर चोरी. चोरी काय पंचांग पाहून ठरते?

एका ठिकाणी मात्र ही वकिली मला पुढे नेता येत नाही. एखाद्या बाईचे तिला नकळत चित्रण होते, तेव्हा स्वामित्वहक्काचा कायदा तिला ओळखतच नाही. त्याच्या लेखी मालक तो, ज्याने चित्रफीत काढली. जी तीत दिसते ती कोणीच नव्हे. तिचा आधार निराळा. संमतीशिवाय खाजगी अवयवांचे चित्र घेणे वा पसरवणे हा ६६-ई कलमाखाली गुन्हा आहे, आणि २०२१ च्या नियमांनी अशी तक्रार येताच ठरलेल्या मुदतीत ते काढण्याचे बंधन संकेतस्थळांवर घातले. तेथे मालकी सिद्ध करावी लागत नाही. या चित्रात मी आहे, एवढे सांगितले की झाले.