सेवेचा धर्म आणि रुग्णालयातली खाट

थकलेल्या आईवडिलांची सेवा हा धर्म आहे, याबद्दल मराठी माणसाला पुराव्याची गरज वाटत नाही. पंढरीचा देव विटेवर उभा आहे तो याच सेवेपायी. पुंडलिकाने दारी आलेल्या देवाला वीट सरकवली आणि हातातले काम संपेपर्यंत थांबायला सांगितले. देवाला थांबवता येते, लघवीला लागलेल्या वडिलांना थांबवता येत नाही, एवढा व्यवहार त्या कथेत पक्का आहे. मात्र पुंडलिकाचे आईवडील त्याच्याच घरात होते. तेच वृद्ध परक्या गावातल्या रुग्णालयात, नळ्या लावून पडलेले असतात, तेव्हा सेवा कशाला म्हणायचे हा प्रश्न अवघड होतो.

चेन्नईच्या दक्षिणेला ईस्ट कोस्ट रोडवर कोवलम हे मासेमारीचे गाव आहे. कैलासनाथाचे मंदिर, कार्मेल मातेचे चर्च आणि हजरत तमीम अन्सारी यांचा दर्गा तिथे एकाच गावात आहेत. दर्ग्यात दुखणाईतासाठी मागणे मागायला सगळ्या धर्मांची माणसे येतात. खाडीपलीकडे केलंबाक्कम आणि सिरुसेरी. तिथल्या आयटी कंपन्यांमुळे बाहेरच्या राज्यांतली कुटुंबे या पट्ट्यात राहायला आली, त्यांत मराठीही आहेत, आणि मुलांमागोमाग म्हातारे आईवडीलही येतात. साताऱ्याकडचे आजोबा खुब्याचे हाड मोडून इथल्या वॉर्डात दाखल झाले, तर त्यांचे दुखणे फक्त हाडाचे राहत नाही. रात्री जाग येते, चष्मा घरी राहिलेला, कानाचे यंत्र हरवेल म्हणून सुनेने पर्समध्ये ठेवलेले, भोवती सगळे तमिळ बोलणारे. लघवीला जायचे आहे हे सांगता येत नाही. मग ते नळी ओढतात, उठू पाहतात आणि पडतात. नातेवाईक म्हणतात, आजोबांना भ्रम झाला.

हाच डेलिरियम. तो म्हातारचळ नव्हे. काही तासांत किंवा दिवसांत सुरू होणारा हा आजार आहे, आणि जंतुसंसर्ग, वेदना, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, पाण्याची कमतरता किंवा झोपेची गोळी यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. त्याचा गप्प प्रकार अधिक फसवा असतो. पेशंट दिवसभर पेंगतो आणि घरचे समाधानाने सांगतात, आज शांत आहेत. माणूस नेहमीसारखा नाही हे घरच्यांनाच आधी कळते, म्हणून ते डॉक्टरांना लगेच सांगणे ही सेवाच आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या 1999 सालच्या अभ्यासात सत्तरीपुढच्या 852 रुग्णांकडे पाहिले गेले. चष्मा, श्रवणयंत्र, पुरेसे पाणी, रात्रीची झोप, चालते करणे आणि वेळ-ठिकाण पुन्हा पुन्हा सांगणे एवढ्यावर भर दिलेल्या गटात डेलिरियमचे प्रमाण 9.9 टक्के राहिले, नेहमीची शुश्रूषा मिळालेल्या गटात ते 15 टक्के होते. परक्या भाषेच्या वॉर्डात या यादीत आणखी एक गोष्ट घालावी: उशाशी मराठी बोलणारे माणूस, निदान रात्री तरी.

प्रेम इथे पुरेसे नाही, हे चरकसंहितेने फार पूर्वी ओळखले. उपचाराच्या चार पायांत तिने वैद्य, औषध आणि रोगी यांच्या जोडीला परिचारकाला बसवले, आणि त्याच्याकडून उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी जिव्हाळा आणि शुचिता मागितली. जिव्हाळा या चारांतला एक. तो एकटाच असला की घात होतो. आडव्या पडलेल्या आईला मुलगी कळवळून दोन घास भरवते, घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. भरवताना पाठ सरळ हवी, पेशंट पूर्ण जागा हवा, घास लहान हवा आणि जेवणानंतर अर्धा तास तरी बसवून ठेवायला हवे. ‘त्रास नको, पडून राहा’ हेही असेच घातक प्रेम. निरोगी वृद्धांना दहा दिवस खाटेवर ठेवले तेव्हा पायांचे जवळपास एक किलो स्नायू गेल्याचे आढळले आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच दिवशी खुर्चीत बसवावे. उठता येत नसेल तर साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी आणि माकडहाड, टाचा रोज उजेडात पाहाव्यात. लाली दिसली तर ती चोळू नये.

बौद्ध विनयपिटकात हगवणीने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या एका भिक्खूची हकिकत आहे. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता, म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. बुद्धांनी पाणी ओतले, त्यांचे शिष्य आनंद यांनी त्याला धुतले आणि दोघांनी उचलून मंचकावर ठेवले. माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी, असे नंतर संघाला सांगितले. मलमूत्राची किळस न येणे हा तिथे परिचारकाचा गुण मानला आहे. डायपर बदलताना पडदा ओढणे आणि काय करतो आहोत हे आधी सांगणे याच गुणात येते, पेशंटला समजत नाही असे वाटले तरीही.

यापुढे खरा पेच आहे. म्हाताऱ्या माणसाने नको म्हटले तर? 1982 च्या नोव्हेंबरमध्ये पवनारला विनोबा भावे यांनी हृदयविकारानंतर अन्न, पाणी आणि औषध सोडले आणि 15 तारखेला देह ठेवला. ते 87 वर्षांचे होते. त्यांचा मार्ग सगळ्यांचा असू शकत नाही. प्रत्येक ‘नको’ हा वैराग्याचा नसतो. न सांगितलेली वेदना, नैराश्य किंवा मुलांच्या खर्चाची काळजीही त्यामागे असते, आणि ती आधी शोधून दूर करायला हवी. एवढे करूनही शुद्धीतला माणूस व्हेंटिलेटर नको म्हणत असेल, तर तो लावणे ही त्याची सेवा नव्हे. ती मुलांच्या अपराधी भावनेची सेवा झाली. यंत्र न लावणे म्हणजे माणसाला सोडून देणे असाही अर्थ नाही. वेदना, धाप आणि कोरडे तोंड यांवरचे उपचार शेवटपर्यंत चालूच राहतात.

सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 रोजी असा नकार आधीच लिहून ठेवणाऱ्या आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि 24 जानेवारी 2023 रोजी त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते. आईवडिलांशी हे बोलणे ते धडधाकट असताना, घरी बसून करावे. वॉर्डात दाखल झाल्यावर फार उशीर झालेला असतो.